शकूआत्याची मूठ

शकूआत्या आमच्याकडे आली तेव्हा ती किती दिवसांसाठी आली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, तिला तर नाहीच नाही. दापोऱ्याहून, म्हणजे तिच्या सासरच्या गावाहून, केळी घेऊन येणाऱ्या एका ट्रॅक्टरवरून ती बुऱ्हाणपुरात आमच्या शनवाऱ्याच्या दरवाजाशी उतरली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी, आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आली, "वहिनी, दार उघड वं! तुही सवत आली!" आई कणीक मळत होती. ती तशाच भरल्या हातांनी दारात गेली आणि हसत सुटली. बाबा आतल्या खोलीत दाढी करत होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी आरशात बघतच विचारलं, "एकटीच आली का?" आई म्हणाली, "एकटीच दिसतात." त्यावर बाबांनी उरलेली दाढी इतकी सावकाश केली की त्या दिवशी त्यांना ऑफिसला उशीर झाला. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. धाकटा वसंत नुकताच शाळेत जायला लागला होता. आम्हा दोघांना एवढंच कळलं की बाबांची बहीण आली, म्हणजे आता मजा. मजा तर झालीच. पण ती मजा होती की दुसरंच काही, हे मला आज सत्तरीला टेकल्यावरही धड सांगता येत नाही. जन्मभर मी पोरांना गणित शिकवलं. उत्तर आलं नाही की माझी चिडचिड होते. शकूआत्याचं उत्तर मला कधीच आलं नाही, आणि त्या चिडचिडीतूनच हे लिहायला बसले आहे.

आमचं घर म्हणजे एका दुमजली घराचा खालचा भाग. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे धुण्याच्या दगडापुरतं अंगण. दोन्ही अंगांना पावरलूम. सकाळी खटखट सुरू झाली की दिवे लागेपर्यंत थांबायची नाही, त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं बोलायला शिकतात तीच ओरडून. लग्न होऊन मी इंदूरला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "सूनबाई, आम्ही काही बहिरे नाही." पण मधेच लाइट गेली की सगळे लूम एकदम गप्प व्हायचे आणि ज्याच्या तोंडात जे वाक्य असेल ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. कोणाच्या घरी कशावरून वाजलं, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, हे सगळं लाइट गेल्यामुळेच कळायचं. म्हणून महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आई बाबांना मागच्या अंगणात न्यायची आणि तिथेही तोंडावर पदर धरून बोलायची.

आत्या आली आणि या दोन खोल्यांत जागाच उरली नाही. ती एकटी होती, पण दहा माणसांचा आवाज करायची. सकाळी उठून म्हणायची, "वहिनी, आज तू फक्त बसून राहायचं," आणि घरातली सगळी अंथरुणं अंगणात काढून धुवायला घ्यायची. दुपारी म्हणायची, स्वयंपाकघर फार काळं दिसू राहिलं, आणि संध्याकाळपर्यंत भिंत निळ्या चुन्यानं रंगवून मोकळी व्हायची; निळा हात वसंतच्या पाठीवर उमटवायची. भरीत करायला बसली की वांग्यांची टोपली संपेपर्यंत भाजत राहायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, भरीत, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात, असं ताट लूमवरच्या माणसांपर्यंत पोचायचं. बाजारातून येताना मावा जिलेबीचा पुडा आणायची आणि घरी पोचेपर्यंत आम्ही तिघं तो वाटेतच संपवायचो. आणि नकला! चक्कीवाला, आमच्या शाळेतल्या मोठ्या बाई, दापोऱ्याच्या तिच्या सासूबाई, कुणी सुटायचं नाही. भाऊबंदांतली सगळ्यांत थोरली जिजी, म्हणजे बाबांची चुलत चुलती, तिच्या अंगात नवरात्रात देवी यायची. आत्या तिचीसुद्धा नक्कल जिजीच्याच समोर करायची. केस मोकळे सोडून, डोळे फिरवून, घोगऱ्या आवाजात, "मी आली हाय, मले पाणी द्या, त्यात साखर टाका!" जिजी हसून हसून डोळे पुसायची आणि शिव्याही घालायची.

आणि मग एखाद्या दिवशी हे सगळं बंद. आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. केसांत फणी नाही, पोटात अन्न नाही. आपण हाक मारली तर ती वळून बघायची, पण ओळखीचं काही तिच्या डोळ्यांत यायचं नाही. कालच जी बाई मला पाठीवर घेऊन जिना चढली होती ती आज पाण्याचा पेला उचलायला तयार नाही, हे मला कळायचंच नाही. मी तिच्या पायाला गुदगुल्या करून पाहायचे. आईनं त्या दिवसांसाठी एक बोलणं ठरवून टाकलं होतं. शाळेतून आलो की आम्ही दारातच विचारायचो, "आत्या आहे का आज?" आणि आई म्हणायची, "आहेत," किंवा "आज नाहीत गं बाळा, कपडे बदल." दोन्ही वेळेला आत्या घरातच असायची.

असं का होतं, याला घरात आणि गल्लीत हवी तेवढी कारणं होती. जिजी म्हणायची लागीर झालंय. समोरची लूमवाली चाची म्हणायची, नजर लगी है, इतना हँसती है बेचारी. दापोऱ्याहून निरोप यायचा की माहेरचे लाड. बाबा तिला एका डॉक्टरकडे घेऊन गेले होते, त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की ती आहे-नाही दोन्हीच्या मधे कुठेतरी झोपून राहायची. मला वाटायचं, दोन आत्या आहेत आणि एक दुसरीला लपवून ठेवते. आता वसंतची नात याला इंग्रजीतलं एक नाव सांगते, फोनवर वाचून दाखवते, लक्षणं अगदी तंतोतंत जुळतात. मी ऐकून घेते. नाव कळल्यावर माझा गोंधळ कमी होईल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही.

आषाढ संपत आला होता तेव्हा एका दुपारी आत्यानं आम्हाला शाळेच्या दारातूनच पकडलं. "चला, इच्छापूरले देवीचं दर्शन करून येऊ." मी म्हटलं, आईला सांगू. "आईले काय सांगायचं, देवीले सांगितलं मी." महाराष्ट्राकडे केळी घेऊन जाणारा एक ट्रक तिनं हात करून थांबवला. ड्रायव्हर तिला ओळखत होता, म्हणाला, "बाई, तुम्ही दापोऱ्याच्या ना?" ती म्हणाली, "आज मी कोनाचीच नाही, आज सुट्टी." सगळी वाट ती गात होती, वसंत हॉर्न वाजवत होता, आणि मी मधल्या जागेत बसून ठरवत होते की मार बसणार तो कितीचा बसेल. देवळाच्या पायऱ्या तिनं पळत चढल्या. दर्शन झालं, प्रसाद घेतला, आणि वर कठड्यावर बसल्या बसल्या ती एकाएकी रडायला लागली. तोंड झाकून नाही, उघड्या तोंडानं, लहान मुलासारखी. मला म्हणाली, "मंदे, मले इथंच सोड आन् तू जाय." मी जाऊ कशी? मला वाट माहीत नव्हती, परत कुठली गाडी जाते ते माहीत नव्हतं, आणि वसंतला शू लागली होती. मी तिचा पदर घट्ट धरून नुसती उभी राहिले. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, खाली आली आणि बांगडीवालीशी हिरव्या बांगड्यांवरून इतका वाद घातला की ती बांगडीवालीच हसून दमली. संध्याकाळच्या बसनं आम्ही घरी आलो तेव्हा अर्धी गल्ली आम्हाला शोधत होती. आईनं मला एक थोबाडीत दिली. आत्याला कोणी काही बोललं नाही, बाबांनी तर तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती बातमी ट्रकवाल्यानं आमच्या आधी दापोऱ्याला पोचवली असणार. पुढच्याच आठवड्यात आत्याचे यजमान आले. त्यांना आम्ही अर्ध्या हिंदीत फुफाजी म्हणायचो. दांडगा, उंच माणूस, पण बोलायचा जमिनीशी. बशीत ओतलेला चहा निवून गेला तरी ते फुंकर मारत बसले होते. शेवटी म्हणाले, "दादा, आईनं विचारलंय. कानबाई आली. औंदा हिची मूठ आमच्याकडं घ्यायची का नाही?"

हे इथे थोडं सांगायला हवं, कारण इंदूरच्या माझ्या शेजारणींनाही ते सांगितल्याशिवाय कळत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या लोकांत कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला साज, आणि सोमवारी सकाळी तापीवर विसर्जन. तिच्या जेवणाला रोट म्हणतात. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. या रोटाचे गहू दोन दिवस आधी मोजून घेतात, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ. काही घरांत फक्त पुरुषांच्या नावानं घेतात, आमच्यात सगळ्यांच्या. ज्याची मूठ पडली तो त्या घरचा. त्या रोटातला घास भाऊबंदांखेरीज कोणाला द्यायचा नाही, शेजाऱ्याला नाही, आणि लग्न करून दिलेल्या लेकीलाही नाही. तिची मूठ लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासून सासरी पडते. तेव्हा फुफाजी विचारत होते ते गव्हाविषयी नव्हतं. हिला नांदायला पाठवता का, एवढंच ते विचारत होते, आणि याहून सभ्यपणे ते विचारता आलं नसतं.

बाबा म्हणाले, "घ्या. रविवारच्या आत तिला पोचवतो, नाहीतर तुम्ही न्यायला या." फुफाजींचा चेहरा एवढा मोकळा झाला की त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला. आत्या मागच्या अंगणात दगडावर बसली होती. त्या दिवशी ती "नव्हती". तिला कोणी काही विचारलं नाही, आणि लूम चालू असल्यामुळे तिनं हे ऐकलं की नाही, तेही कळायला मार्ग नाही.

शुक्रवारी दुपारी मुठी घ्यायला भाऊबंदांतल्या बायका आमच्याकडे जमल्या. परातीत निवडलेले गहू, समोर कोरं फडकं, जिजी पाटावर. मुठी घरच्या बाईनं घ्यायच्या म्हणून आई बसली. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मूठ फडक्यावर सोडायची. बाबांचं नाव झालं, आईचं झालं, माझं, वसंतचं. जिजी म्हणाली, "झाल्या," आणि फडक्याची टोकं उचलायला लागली. तेव्हा दारातून आवाज आला, "माझी राहिली."

आत्या न्हाऊन आली होती. केस ओले, मोकळे, पाठीवर. जिजी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुझी दापोऱ्याले पडली माय. उद्या जाशील ना तू." आत्याची मान हलायला लागली. आधी थोडी, मग जोरानं, केसांतलं पाणी भिंतीवर उडायला लागलं. डोळे कुठे बघत होते ते समजत नव्हतं. तिचा आवाज बदलला, खालून आल्यासारखा जाड झाला. "माझी मूठ कुठं हाय? मी कुठली? सांगा मले, मी कुठली?" आणि नेमकी त्या क्षणी लाइट गेली. सगळे लूम थांबले, आणि "मी कुठली!" एवढंच सगळ्या शनवाऱ्यात ऐकू गेलं.

दारात गर्दी झाली. मी आईच्या पाठीला चिकटून बसले होते आणि मला एकच कळत नव्हतं, की घाबरायचं की हसायचं. कारण ही नक्कल मी पाहिली होती. हेच केस, हेच डोळे, हाच आवाज. माझ्या शेजारची एक बाई फिसकन हसलीसुद्धा, आणि मग एकदम गप्प होऊन तिनं कानाच्या पाळ्या धरल्या. कुणीतरी म्हणालं, देवी तर रविवारी बसते, शुक्रवारी कशी येईल? दुसरी म्हणाली, देवीले काय टाइमटेबल असते का? जिजीनं, जिच्या स्वतःच्या अंगात दरवर्षी यायची तिनं, पुढे होऊन रीतसर विचारलं, "कोन हायेस तू माय? देवी हायेस का शकू हायेस?" आत्या घुमत घुमत म्हणाली, "तूच सांग." जिजी मागे सरली आणि आईकडे बघायला लागली.

आई उठली. कोनाड्यातला करंडा घेतला, आत्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. थोरली भावजय धाकट्या नणंदेच्या पाया पडते, हे आमच्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. मग ती परत परातीशी बसली, म्हणाली, "शकुंतला," आणि मूठ भरली. आईचा हात लहान, पण ती मूठ तिनं गहू दाबून दाबून भरली आणि फडक्यावर सोडली, वर पाव मूठ टाकली. जिजी पुटपुटली, "सूनबाई, तिकडंबी पडली असंल तर? एका जिवाच्या दोन मुठी, रोट खोटा होते. घराले सोसत नाही ते." आई म्हणाली, "तिकडचं तिकडं." आत्या भिंतीला टेकून खाली बसली. लाइट आली, लूम सुरू झाले. जरा वेळानं ती अगदी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, भाजी काय करू आज?"

बाबांना हे घरी येण्याआधी पानाच्या टपरीवरच कळलं होतं. ते आईला मागच्या अंगणात घेऊन गेले. मी मोरीत पाय धुण्याचं सोंग करत उभी राहिले. बाबा म्हणाले, "मी त्या माणसाला शब्द दिला होता." आई म्हणाली, "शब्द तुम्ही दिला. शकूताईनं नाही दिला." बाबा म्हणाले, "अगं, ती नाटक करते, सगळ्या गल्लीला माहीत आहे! तू तिच्या पाया काहून पडलीस?" आई म्हणाली, "देवी असली तर तिचं ऐकाच लागंल. आणि नसली, तर शकूताईनं स्वतःच्या तोंडानं मागितलं. मग तर ऐकाच लागंल." बाबांना हिशेबात चूक काढायची सवय होती, ऑफिसात तेच काम. यात त्यांना चूक सापडली नाही. मला मात्र जिजीच्या बोलण्याची भीती वाटत होती. दोन मुठी पडल्या म्हणजे घरात कोणाचं तरी वाईट होणार, आणि कोणाचं होणार हे मी एकेक चेहरा बघून ठरवू पाहत होते.

रविवारी दुपारी पुरण वाटणं चालू असताना फुफाजी जीप घेऊन आले. पांढरेशुभ्र कपडे घातले होते. गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी राहिली. बाबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. बाबांचा देवधर्मावर विश्वास नव्हता, उपासाच्या दिवशी ते मुद्दाम कांदाभजी मागायचे. तेच बाबा खाली बघत म्हणाले, "पाव्हणं, तिची मूठ इथं पडली. आता तिला इथलाच रोट खावा लागेल. माझ्या हातात काही राहिलं नाही." फुफाजींना आधी ते समजलंच नाही. मग म्हणाले, "पण दादा, तुम्हीच तर म्हणाले होते घ्या म्हणून. आईनं परवाच घेतली." माझी अशी समजूत होती की ते आता रागावतील, ओरडतील, आत्याला ओढून नेतील. त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "मंग तिकडं जो तिचा रोट होईल, तो मी काय करू? तिचा वाटा कोन खाईल?" तो माणूस खरंच विचारत होता. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि जिच्या नावाचा ती इथे. त्या दिवसापर्यंत आम्ही मुलं त्यांना मनातल्या मनात वाईट माणूस समजत होतो. तेव्हा मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून आत्याचा राग आला, आणि मग माझाच राग आला.

आत्या आतून आली. केस नीट बांधलेले, हात पुरणानं भरलेले. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझा वाटा तुम्हीच खा. तुम्हाले पुरण आवडते. तुपासंगं खा, दुधासंगं नका खाऊ, सोसत नाही तुम्हाले." त्यांनी विचारलं, "येशील का गं मंग? नंतर?" ती म्हणाली, "माहीत नाही मले." खरं सांगायचं तर त्या सगळ्या दिवसांत मला पूर्णपणे कळलेलं असं हे एकच वाक्य. फुफाजी उठले, बाबांना नमस्कार केला आणि गेले. जीप वळेपर्यंत आत्या दारात उभी होती. संध्याकाळी देवी बसली, आत्या आमच्या पंगतीत बसून रोट जेवली, जिजी तिचा एकेक घास डोळे बारीक करून मोजत होती. आणि दुसऱ्या दिवशी तापीवरून आल्यापासून आत्या भिंतीकडे तोंड करून पडली ती कितीतरी दिवस उठली नाही. आपणच मागितलं ते मिळाल्यावर कोणी असं पडून राहतं का? तिला जायचं होतं का? मी हे आईला विचारलं. आई म्हणाली, "दोन्ही असेल." मी म्हटलं, दोन्ही कसं असेल? आईनं मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

घराला काही वाईट लागलं नाही. जिजी वर्षभर वाट बघत होती. शेवटी पुढच्या श्रावणाच्या तोंडावर न्हाणीत पाय घसरून तिचीच कंबर धरली, तेव्हा ती मोठ्या समाधानानं म्हणाली, "पाहिलं?" फुफाजींनी काही वर्षांनी दुसरं लग्न केलं, पण दिवाळीत केळ्यांचा घड त्यांच्याकडून येतच राहिला. आत्या आमच्याकडेच राहिली. सगळं गोड झालं असं मात्र कोणी समजू नये. एकदा ती तापीच्या राजघाटावर पहाटे ओल्या साडीत बसलेली सापडली. आंघोळीला आले होते म्हणाली, आणि पुढे कोणी विचारलं नाही. त्यानंतर बाबा रोज सकाळी तिला बरोबर घेऊन फिरायला जायचे, न बोलता, दोघं मागे-पुढे. बाबा गेले त्या आठवड्यापर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. तिच्या "असण्याच्या" दिवसांत घर दणाणायचं, "नसण्याच्या" दिवसांत आई तिच्या उशाशी बसून भाजी चिरायची. दर श्रावणात तिचं नाव आमच्या गव्हात पडायचं. हे सुख होतं का? मला अजूनही ठरवता येत नाही.

मागच्या श्रावणात मी बुऱ्हाणपूरला गेले होते. आत्या आता खूप म्हातारी झाली आहे, वसंतच्या घरी असते. नव्या गोळ्यांनी ती बरीचशी "असते", पण आवाज बारीक झाला आहे. मुठी घ्यायचा दिवस होता. वसंतची सून प्रिया परात घेऊन बसली होती, जिजी नाही, आई नाही, बायकांचा मेळा नाही. प्रिया गावाला गेलेल्या तिच्या सासूला फोनवर विचारून विचारून एकेक करत होती. मी आत्याच्या खाटेवर बसून शेवटी विचारलंच, "आत्या, त्या दिवशी देवी होती की तू होतीस?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाढे विसरले होते. "मले काय माहीत? तुझ्या आईनं कुंकू लावलं तेव्हा मले वाटलं, असंल बाई कोनीतरी." आणि म्हणाली, "आन् तुझी कुठं पडते गं?"

"काय?"

"मूठ."

इंदूरला सासूबाई गेल्यावर ते सगळं बंद झालं. यजमान गेले. मुलगा पुण्यात, सुनेला कानबाई हे नावही ठाऊक नाही, आणि मीच ते कधी सांगितलं नाही. मी हसून म्हटलं, "कुठेच नाही आत्या, आता कुठली." ती हसली नाही. खाटेवरून मान वळवून तिनं तिच्या बारीक आवाजात जमेल तेवढं ओरडून सांगितलं, "प्रिया, मंदीची बी घे."

प्रियाचा हात परातीत थांबला. ती एकदा आत्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "आत्या, घेऊ? मतलब… चालतं का असं?" याचं उत्तर फोनवरच्या सासूलाही माहीत नसणार. मला म्हणायचं होतं, अगं राहू दे, म्हातारीचं काय मनावर घेतेस. शिवाय असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी आयुष्यभर सांगत आले आहे. पण मी "घे" म्हणाले. प्रियानं मूठ भरली आणि परत थांबली. मी तिच्या घरात फक्त आत्या, आणि लग्नापासून पेन्शनपर्यंत कागदोपत्री माझं नाव सासरनं बदलून ठेवलेलं. "नाव कोणतं घेऊ?" तिनं विचारलं.

"मंदाकिनी," मी म्हणाले.